विश्लेषण : ‘मॉडेल टी’ने जग जिंकून दिले, मग तीच गाडी हेन्री फोर्ड यांना का नडली?

गाडीचा विषय निघाला आणि मत नाही, असा माणूस सापडणे कठीण. सनरूफची खरेच गरज आहे का, टचस्क्रीन बरा की जुनी बटणे बरी, इलेक्ट्रिक आत्ता घ्यावी की दोन वर्षे थांबावे, रंग पांढराच का... चहाच्या टपरीपासून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत हे वाद रंगतात. आपल्या मताने फार काही बिघडत नाही. फार तर गाडी घ्यायला निघालेला शेजारी गोंधळतो. पण एखाद्याचे मत हेच जगातल्या सर्वात मोठ्या मोटार कंपनीचे धोरण असेल, आणि तो ते बदलायला तयारच नसेल तर? हेन्री फोर्ड यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. गाडी कशी असावी याबद्दलचे त्यांचे मत जवळपास वीस वर्षे अचूक ठरले. नंतर ते चुकले, आणि त्याची किंमत हजारो कामगारांनी, विक्रेत्यांनी आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाने मोजली.

यंत्रांचे वेड कुठून लागले?

फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील विल्यम आयर्लंडहून येऊन स्थायिक झालेले. घरचे बरे होते, पण मुलाचे लक्ष शेतीत नव्हते. घड्याळ दिसले की ते उघडायचे, पुन्हा जोडायचे, हा त्याचा उद्योग. १८७६ मध्ये आई गेली. त्याच वर्षी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना समोरून वाफेचे एक इंजिन येताना त्याला दिसले. शेतीकामाची अशी इंजिने त्या भागात होती, पण ती घोडे जुंपून ओढत न्यावी लागत. हे मात्र आपले आपण रस्त्यावरून चालत होते. तेरा वर्षांच्या हेन्रीने खाली उडी मारून इंजिनवाल्यावर प्रश्नांची सरबत्ती केली. हा प्रसंग ते म्हातारपणीही विसरले नाहीत.

सोळाव्या वर्षी घर सोडून ते डेट्रॉईटला यंत्रशाळेत उमेदवारी करू लागले. पुढे क्लारा ब्रायंट यांच्याशी लग्न झाले आणि १८९१ मध्ये एडिसन यांच्या नावाने चालणाऱ्या वीज कंपनीत नोकरी लागली. नोकरी विजेची, डोक्यात मात्र पेट्रोलचे इंजिन. १८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्यांनी स्वतः केलेले छोटे इंजिन स्वयंपाकघरातल्या सिंकला बांधून सुरू केले. क्लारा हाताने पेट्रोलचे थेंब सोडत होत्या. घरात जेमतेम दीड महिन्याचा एडसेल झोपला होता. हे नाव लक्षात ठेवा, कारण ही गोष्ट जितकी हेन्री यांची, तितकीच त्याचीही आहे.

४ जून १८९६ च्या पहाटे पहिली गाडी तयार झाली. चौकट हलकी, चाके सायकलची, सुकाणू होडीला असते तसे, मागे जायची सोय नाही. ती बाहेर काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आले, की शेडचे दार गाडीपेक्षा अरुंद आहे. फोर्ड यांनी कुऱ्हाड घेतली आणि दाराच्या बाजूच्या विटा फोडल्या. गाडी रस्त्यावर आली.

पहिल्या दोन कंपन्यांचे काय झाले?

बुडाल्या, किंवा हातच्या गेल्या. १८९९ मध्ये काढलेली पहिली कंपनी दीड वर्षात बंद पडली. पैसेवाल्यांना झटपट विक्री हवी होती आणि फोर्ड यांना गाडी अजून सुधारायची होती. मग त्यांनी शर्यतीचा मार्ग धरला. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्यांनी अलेक्झांडर विंटन या नावाजलेल्या मोटार उत्पादकाला शर्यतीत हरवले. त्या जोरावर दुसरी कंपनी निघाली. तीही त्यांनी काही महिन्यांत सोडली. मागे उरलेल्या कंपनीची हेन्री लीलँड यांनी ‘कॅडिलॅक’ केली. १६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली, ती त्यांची तिसरी.

इथेही वाद झालाच. भागीदारांना श्रीमंतांसाठी मोठी गाडी हवी होती. १९०६ च्या सुमारास सहा सिलिंडरची महागडी ‘मॉडेल के’ आली आणि फोर्ड यांच्या मनातून साफ उतरली. जड गाडी, नाजूक यंत्रणा आणि अवघ्या काही लोकांच्या खिशाला परवडणारी. त्यांचे मत अगदी उलट होते : गाडी हलकी हवी, मजबूत हवी, शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता यावी आणि बेताच्या पगारातही घेता यावी. सहा सिलिंडरवरचा राग मात्र मनात इतका बसला, की तो पुढे पस्तीस वर्षे टिकला.

‘मॉडेल टी’मध्ये असे होते तरी काय?

१ ऑक्टोबर १९०८ रोजी ‘मॉडेल टी’ बाजारात आली. किंमत ८५० डॉलर. चार सिलिंडरचे २.९ लिटरचे इंजिन, ताकद २० अश्वशक्ती, वेग ताशी साधारण ६५ ते ७० किलोमीटर. आज एवढी ताकद स्कूटरवाल्यांच्याही गप्पांत येते, पण तेव्हाच्या अमेरिकेतल्या गावाकडच्या वाटा आठवा : चिखल, खड्डे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या खोल चाकोऱ्या. ‘टी’ जमिनीपासून उंच होती. तिच्यात व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरले होते, त्यामुळे सुटे भाग हलके असूनही तुटत नसत. चौकट आणि स्प्रिंगांची रचना अशी, की एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असले तरी गाडी वाकूनचिकून पुढे जाई.

चालवायची पद्धत आजच्या चालकाला चक्रावून टाकेल. पायाशी तीन पेडल, पण त्यात अॅक्सिलरेटर नाही. डावे पेडल पूर्ण दाबले की पहिला गिअर, अर्धे दाबले की न्यूट्रल, सोडले की दुसरा गिअर. मधले पेडल मागे जाण्यासाठी आणि उजवे ब्रेकचे. पेट्रोल कमी-जास्त करायचे ते सुकाणूखालच्या दांडीने, हाताने. टाकी पुढच्या सीटखाली होती आणि इंजिनपर्यंत पेट्रोल केवळ उतारामुळे वाहत जाई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना चढ आला, की लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढत!

गाडी चालू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. हँडलने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याची भीती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, ‘टी’मध्ये तो मिळायला १९१९ उजाडले. गंमत अशी, की खुद्द क्लारा फोर्ड यांची स्वतःची गाडी होती ‘डेट्रॉईट इलेक्ट्रिक’ या दुसऱ्याच कंपनीची. बॅटरीवर चालणारी, हँडलची कटकट नसलेली. १९१४ च्या सुमारास फोर्ड यांनी एडिसन यांच्यासह स्वस्त इलेक्ट्रिक गाडीचे प्रयोग केले, पण बॅटरीपाशी घोडे अडले. शंभर वर्षांनंतरही आपण त्याच बॅटरीच्या वजनावर आणि किमतीवर बोलत असतो.

काळा रंगच का?

फोर्ड यांचे नाव निघाले की हा किस्सा निघतोच : ग्राहकाला हवा तो रंग मिळेल, फक्त तो काळा असला पाहिजे. पण सुरुवातीची पाच-सहा वर्षे ‘टी’ हिरव्या, तांबड्या, करड्या, निळ्या रंगांत मिळत होती. केवळ काळा ही सक्ती साधारण १९१४ ते १९२५ या काळातली. काळा एनॅमल रंग स्वस्त होता आणि टिकाऊही. शिवाय रंग एकच ठेवला की कारखान्यातले एक व्यवधान कमी. ग्राहकाची आवड हा मुद्दा तेव्हा त्यांच्या हिशेबातच नव्हता, आणि काही काळ ग्राहकांचीही तक्रार नव्हती. पहिली गाडी घेणाऱ्याला गाडी हवी असते, रंग नंतर सुचतो.

किंमत इतकी कशी उतरली?

१९१३ च्या शरद ऋतूत हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी-रेषा सुरू झाली. कामगाराने गाडीकडे जायचे नाही, गाडीने कामगाराकडे यायचे. एका चॅसीच्या जुळणीला आधी साडेबारा तास लागत. काही महिन्यांतच हे काम ९३ मिनिटांवर आले. कामाचा वेग वाढला तसा कंटाळाही. दिवसभर एकच नट आवळत उभे राहायला माणसे टिकेनात. १९१३ मध्ये कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले होते. म्हणजे एकेका जागेसाठी वर्षात तीन-चार वेळा भरती. त्यावरचा उतारा ५ जानेवारी १९१४ रोजी जाहीर झाला. दिवसाला अडीच डॉलरच्याही आत असलेला मेहनताना ५ डॉलर झाला आणि पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आली. भरतीसाठी कारखान्याबाहेर झुंबड उडाली.

यात एक मेख होती. हा पूर्ण पैसा मिळण्यासाठी कामगाराचे घर कसे आहे, तो दारू पितो का, बचत करतो का, हे तपासायला कंपनीची माणसे घरी येत. फोर्ड यांचे मत केवळ गाडीपुरते कधीच नव्हते. लोकांनी कसे राहावे, यावरही ते होतेच. त्याची फार काळी बाजू १९२० पासून दिसली. त्यांच्या मालकीच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या साप्ताहिकाने ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला चालवली. १९२७ मध्ये त्यांनी माफी मागितली, पण तोवर ते लेखन पुस्तकरूपाने जर्मनीपर्यंत पोहोचले होते. १९३८ मध्ये त्यांनी नाझी सरकारचा सन्मानही स्वीकारला. फोर्ड यांचे कोणतेही चरित्र हा भाग वगळून पूर्ण होत नाही.

१९२५ च्या सुमारास दोन आसनी ‘टी’ २६० डॉलरला मिळू लागली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकली जाणारी जवळपास प्रत्येक दुसरी गाडी फोर्ड होती. आपल्याकडेही १९२६ मध्ये फोर्डची भारतीय कंपनी स्थापन झाली. कॅनडातल्या फोर्ड कंपनीच्या अखत्यारीत ती होती आणि मुंबईत सुट्या भागांतून गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी धोरण कडक झाले आणि फोर्ड गेली. १९९० च्या दशकात ती परतली आणि २०२१ मध्ये तिने इथले उत्पादन पुन्हा थांबवण्याचे जाहीर केले, हे वाचकांना आठवत असेल.

बाजार कुठे बदलला?

‘टी’मुळेच बदलला. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना फोर्ड यांनी गाडी दिली. आता हेच लोक दुसरी गाडी घ्यायला निघाले होते आणि पहिलीपेक्षा बरी गाडी मागत होते. १९१९ मध्ये अमेरिकेत दहांपैकी एखादीच गाडी बंदिस्त, काचा असलेली असे. १९२७ पर्यंत दहातल्या आठांहून अधिक गाड्या तशा झाल्या. पाऊस, थंडी आणि धूळ कुणाला हवी? ‘टी’ मुळात उघडी. तिच्यावर बंद टप चढवला की त्या हलक्या चौकटीला आणि जुन्या इंजिनला वजन पेलवेना.

समोर जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन होते. त्यांचे म्हणणे वेगळे : एकच गाडी सगळ्यांना कशाला? शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत शिडी करा, पगार वाढला की ग्राहक पुढच्या पायरीवर जाईल. लवकर वाळणारे रंगीत लॅकर आले आणि रंगांची चंगळ झाली. दरवर्षी रूपात थोडा बदल करायचा, म्हणजे मागच्या वर्षीची गाडी जुनी वाटेल. आज ‘फेसलिफ्ट’ म्हणून जे येते, त्याचे मूळ इथे आहे.

सर्वात मोठा फरक हप्त्यांचा. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच गाडीसाठी कर्ज देणारी कंपनी काढली. फोर्ड यांना कर्ज मुळातच नापसंत. १९२३ मध्ये त्यांनी उलटी योजना आणली. ग्राहकाने आठवड्याला ५ डॉलर जमा करत राहायचे आणि पूर्ण रक्कम साठली की गाडी न्यायची. आपल्याकडची भिशीच म्हणा, पण नंबर सगळ्यात शेवटी लागणारी. तिकडे शेजारी थोडे पैसे भरून त्याच दिवशी शेवरोले घरी आणत होता. अनेकांनी ही बचत मध्येच सोडली. ‘टी’ स्वस्त होती, पण स्वस्त म्हणून ओळखली जाणारी वस्तू परवडत असूनही लोक टाळतात. टाटांच्या नॅनोच्या वेळी आपण हे जवळून पाहिले.

घरातून कोणी सांगितले नाही का?

सांगितले, अनेकांनी. जाणकार अभियंत्यांनी १९१२ मध्येच प्रयत्न केला होता. फोर्ड युरोपला गेले असताना त्यांनी ‘टी’ची सुधारित, बुटकी, तांबड्या रंगाची प्रतिकृती बनवली. परतल्यावर फोर्ड गाडीभोवती शांतपणे फिरले, मग त्यांनी तिचे दार उपटले, काच फोडली, टप फाडला. हे पाहणाऱ्यांनी नंतर सांगितलेली ही हकीकत. पुन्हा ‘टी’ला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

एडसेल १९१९ पासून कंपनीचा अध्यक्ष होता. वय पंचविशीचे, स्वभाव मवाळ आणि गाडीच्या रूपाची नजर वडिलांकडे नव्हती अशी. १९२२ मध्ये लीलँड यांचीच ‘लिंकन’ कंपनी फोर्डने विकत घेतली आणि तिथे एडसेलने देखण्या गाड्या करून दाखवल्या. मुख्य कंपनीत मात्र अध्यक्षपद नावापुरते. मुलाने दिलेला हुकूम वडील सगळ्यांदेखत रद्द करत. जानेवारी १९२६ मध्ये एडसेलचे साडू अर्नेस्ट कान्झलर यांनी फोर्ड यांना सविस्तर टिपण लिहिले. भाषा अत्यंत अदबीची, मुद्दा एकच : प्रतिस्पर्धी पुढे चालले आहेत, नवी गाडी आणा. काही महिन्यांत कान्झलर कंपनीतून बाहेर होते.

कारखाना बंद का करावा लागला?

२६ मे १९२७ रोजी दीड कोटीव्या ‘मॉडेल टी’त बसून बापलेक बाहेर पडले. हा आकडा ओलांडायला फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ला १९७२ उजाडावे लागले. पण तो सोहळा निरोपाचा होता. फोर्ड यांनी अखेर हार मानली होती, तीही पर्यायी गाडी तयार नसताना. ‘टी’चे उत्पादन थांबले आणि सुमारे सहा महिने कंपनीकडे विकायला नवी गाडीच नव्हती. एकाच गाडीसाठी बसवलेली यंत्रे काढून नवी लावावी लागली. डेट्रॉईटमध्ये हजारो कामगार घरी बसले. विक्रेत्यांची दुकाने रिकामी. शेवरोलेने पहिला क्रमांक पटकावला तो याच वर्षी. ज्या एकजिनसीपणाने किंमत उतरवली होती, त्यानेच बदल इतका महाग केला.

डिसेंबर १९२७ मध्ये ‘मॉडेल ए’ आली. रूप एडसेलचे, यंत्र वडिलांचे. चारही चाकांना ब्रेक, नेहमीचे गिअर, समोर सुरक्षित काच आणि निवडायला रंग. लोकांच्या उड्या पडल्या आणि ४८ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. पुढच्याच वर्षी फोर्डने कर्ज देणारी कंपनीही काढली.

मग फोर्ड सुधारले का?

थोडे. १९३२ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आणखी एक अचाट गोष्ट केली. आठ सिलिंडरचे ‘व्ही-८’ इंजिन श्रीमंतांच्या गाडीत असे. त्याचा ठोकळा एकसंध ओतायचा आणि ५०० डॉलरच्या आतल्या गाडीत बसवायचा, हा हट्ट त्यांचा. अभियंत्यांना ते अशक्य वाटत होते. झाले. स्पर्धकांच्या सहा सिलिंडरला त्यांचे उत्तर होते आठ. सहा सिलिंडरचे इंजिन त्यांच्या गाडीत परत आले ते १९४१ च्या मॉडेलमध्ये, तेही एडसेलने लावून धरले म्हणून. हायड्रॉलिक ब्रेकचेही तेच. प्लिमथने ते १९२८ पासून दिले, फोर्डमध्ये १९३९ च्या मॉडेलपासून आले. तोवर दांड्या आणि सांध्यांचे जुने ब्रेकच भरवशाचे, हे मत कायम. दुसरीकडे हाच माणूस सोयाबीन आणि शेतमालापासून प्लास्टिक करून गाडीचा पत्रा बदलायला निघाला होता. १९४१ मध्ये अशी एक गाडी लोकांना दाखवलीही. नवे त्यांना आवडत नव्हते असे नाही. दुसऱ्याने सुचवलेले नवे आवडत नव्हते.

कामगार संघटनेला त्यांनी गुंडगिरीने रोखले. २६ मे १९३७ रोजी कारखान्याच्या पुलावर संघटनेच्या कार्यकर्त्यांना झालेली मारहाण छायाचित्रांमुळे देशभर पोहोचली. करार झाला १९४१ मध्ये, तोही इतर मोठ्या कंपन्यांनी केल्यानंतर.

एडसेल २६ मे १९४३ रोजी पोटाच्या कर्करोगाने गेला. वय ४९. ऐंशीच्या उंबरठ्यावरचे, स्मरणशक्ती उतरलेले हेन्री फोर्ड पुन्हा अध्यक्ष झाले. युद्धसामग्रीच्या ऑर्डरी असताना कंपनीचा कारभार विस्कटत गेला. अखेर क्लारा आणि एडसेलची पत्नी एलिनॉर या सासू-सुनेने आग्रह धरला. सत्ता सोडली नाही तर आपले शेअर विकू, असे एलिनॉर यांनी बजावले. सप्टेंबर १९४५ मध्ये नातू हेन्री फोर्ड दुसरे यांच्याकडे सूत्रे गेली.

७ एप्रिल १९४७ रोजी डिअरबॉर्नजवळ रूज नदीला पूर आला होता. फोर्ड यांच्या घराला वीज मिळे ती याच नदीवरच्या त्यांच्या स्वतःच्या जलविद्युत केंद्रातून. ते बंद पडले. दिवसा ते मोटारीतून पूर पाहून आले होते. रात्री मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, क्लारा जवळ असताना, त्यांनी प्राण सोडला. वय ८३.